पक्ष्यांचं खत आणि माणसांचा घाम



पिंगळीच्या शिवारात धनगराची मेंढरं बसवायची आणि त्याला धान्य-पैसे द्यायचे, ही रीत आपल्याला ठाऊक आहे. लेंडीखताचा गुण पिकात दिसतोच. पण नुसत्या खतासाठी माणसांच्या टोळ्या समुद्रातल्या बेटांवर नेल्या जात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ चिंचा नावाची तीन बेटे आहेत. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे मासे खाणाऱ्या लाखो समुद्रपक्ष्यांची विष्ठा वाहून न जाता साचत गेली. काही ठिकाणी थर शंभर फुटांहून उंच. हेच 'ग्वानो' खत. त्यात नत्र भरपूर, स्फुरदही चांगले. १८४० नंतर युरोपात त्याला एवढी मागणी आली की जहाजेच्या जहाजे भरून जाऊ लागली.

पण खणायचे कोणी? १८४९ ते १८७४ या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर पेरूत आणले गेले. काहींच्या वाट्याला ही बेटे आली. ना सावली, ना गोडं पाणी. उग्र धुराळ्याने डोळे आणि छाती जळे. कित्येकांनी जीव दिला. आणि तीसेक वर्षांत थरही संपत आले. माणूस पिळला, बेटही पिळले. हाती काय राहिले?

मग पेरूला शहाणपण आले. १९०९ साली सरकारी देखरेखीची कंपनी निघाली. पक्ष्यांना राखण, बेटांना विश्रांती, पाळीपाळीने खोदाई. पुढेही डोंगरी मुलखातल्या मजुरांच्या तुकड्या करारावर बेटांवर जात राहिल्या. काम कष्टाचेच, कुदळ-फावड्याचे. पण खताचा साठा पुन्हा भरू लागला.

मंडळी, आपला ऊससुद्धा टोळीच्याच हाताने कारखान्यावर येतो. उचल घेऊन, मुकादमाच्या मागे, लेकरंबाळं घेऊन ही माणसं आपल्या फडात उतरतात. कोयता चालतो तेव्हा गव्हाण चालते. म्हणून आमचे सांगणे एवढेच: टोळी येण्याआधी प्यायच्या पाण्याची सोय करा, कोप्यांसाठी कोरडी जागा द्या, बायाबापड्यांना आडोसा करा. आणि पाचट पेटवू नका, ते रानातच कुजू द्या. जमीन असो की माणूस, विसावा दिला तरच पुढच्या हंगामाला उभे राहते.