गळ, काठी आणि चार हजार रुपये

आधीच सांगते, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. सांभाळून घ्या. पण माशांबद्दल मला मराठीतच लिहिता येईल, कारण बांबूची काठी हातात देऊन मला गळ टाकायला शिकवला तो भंडाऱ्याच्या आबाजींनी, त्यांच्या गावच्या तलावावर.

मागच्या वर्षी मात्र माझ्या डोक्यात फ्लाय फिशिंगचं खूळ शिरलं. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं आणि दोरा बांधून केलेला खोटा किडा. आबाजींच्या गळाला शिसं असतं, ते जड असल्याने तंगुसाला ओढत नेतं. फ्लायला जवळपास वजनच नाही. मग ती लांब जाते कशी? तर इथे वजन दोरीला असतं! जाडसर, प्लॅस्टिकचं आवरण असलेली लाइन मागे-पुढे झुलवायची. तिच्या भाराने काठी आपल्या कॅन्टिलिव्हर बीमसारखी वाकते, सरळ होताना लाइनला फेकते आणि फ्लाय तिच्या मागोमाग जाते.

हे मला कळलं ते पैसे गेल्यावर. दोन वर्षांची भाऊबीजेची ओवाळणी आणि शिकवणीचे पैसे मिळून चार हजार होते. अर्ध्याहून जास्त गेले चकचकीत रीलवर. काठी "मजबूत हवी" म्हणून 8 नंबरची घेतली, आणि उरलेल्या पैशात मिळाली ती 4 नंबरची लाइन. कॉलेजच्या ग्राउंडवर पहिल्यांदा फेकली तर काठी वाकेचना, लाइन पायाशी शेवयांसारखी पडली. वॉचमनकाका म्हणाले, "मॅडम, इथं पाणी नाही."

नंबर म्हणजे काय ते आता ऐका. लाइनच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून तो ठरतो. 4 नंबरची साधारण 7.8 ग्रॅम, 5 ची 9, 8 ची 13.6. काठीवर जो नंबर तोच लाइनवर हवा. माझ्या काठीला लागणाऱ्या भाराच्या जेमतेम 57 टक्के मी तिला देत होते. बिचारी वाकणार कशी!

म्हणून पहिले चांगले पैसे लाइनवर घालवा. तरंगणारी घ्या, पुढच्या भागात वजन असलेली. नवशिक्याला ती सोपी जाते. मग काठी. 9 फुटी, 5 किंवा 6 नंबरची, चार तुकड्यांत सुटणारी, म्हणजे एसटीत कोणाच्या डोळ्यात जाणार नाही. टिलापिया, छोटा रोहू यांना ती पुरते, हिमाचलला ट्राउटसाठी गेलात तरी चालेल. मरळीसाठी मोठ्या फ्लाय लागतात, तिथे 8 नंबर ठीक. रील सगळ्यात शेवटी, मिळेल तितकी स्वस्त. छोट्या माशाला आपण हातानेच लाइन ओढून आणतो, तेव्हा रील म्हणजे नुसती दोरी गुंडाळायची फिरकी. लाइनच्या टोकाला जाडाकडून बारीक होत जाणारे तंगुसाचे तुकडे गाठी मारून जोडायचे. तयार मिळतात, पण घरी फुकटात होतात. फ्लायसाठी गावातल्या कोंबड्याची पिसं. सरावाला हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि पुढे हुक लावाल तेव्हा वर्कशॉपचे गॉगल विसरू नका, मागून येणारा हुक डोळे बघून येत नाही.

एक गोष्ट मात्र पैशाची नाही. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते, ढिवर कुटुंबांचं पोट त्यावर चालतं. आपला शौक, त्यांची रोजी. आधी विचारायचं. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात, तोतलाडोहला तर बंदीच आहे, तिथे नावही काढू नका.

शेवटी रील एका ज्युनिअरला विकली, त्यात थोडी भर घालून 8 नंबरची लाइन आणली. दिवाळीच्या सुट्टीत संस्थेच्या काकांना विचारून आबाजींच्या तलावावर पहिली टिलापिया काढली, तळहाताएवढी. आबाजींनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "एवढुशा मासोळीसाठी चार हजार टाकले काहून वं?"