मुलाचाच जबाब

वजनास उंचीच्या वर्गाने भागून देहाचा स्थूलपणा ठरविण्याचे सूत्र बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात दिले, आणि वय व लिंग यांचे तक्ते जोडून ते मुलांसाठी आजही वापरले जाते. परंतु त्या स्थूलपणापायी मूल जिना चढताना मध्येच थांबते काय, मधल्या सुट्टीत त्यास डावात घेतात काय, याविषयी ते सूत्र मुके आहे.

हे जाणण्यासाठी जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली ‘पेड्सक्यूएल’ ही २३ प्रश्नांची प्रश्नावली पुष्कळ ठिकाणी वापरतात. धावणे, आपली आपण आंघोळ करणे येथपासून भीती, राग, सोबत्यांची चिडवाचिडवी आणि वर्गात लक्ष न लागणे येथपर्यंत, गेल्या महिनाभरात कशाचा त्रास किती वेळा झाला एवढेच तीत विचारावयाचे. ‘कधीच नाही’ यास १०० गुण, ‘जवळजवळ नेहमीच’ यास शून्य, आणि मधल्या तीन उत्तरांस पंचवीस-पंचवीसांच्या उतरत्या पायऱ्या. पाच ते सात वर्षांच्या बालकास इतक्या पायऱ्या झेपत नाहीत, म्हणून प्रश्न वाचून दाखवावयाचा आणि हसरा, मध्यम व रडवा अशा तीन चेहऱ्यांपैकी एकावर त्याने बोट ठेवावयाचे. लहानग्याच्या साक्षीची एवढी बूज राखणारी साधने वैद्यकात थोडीच.

याच प्रश्नावलीने २००३ साली तज्ज्ञांची झोप उडविली. कॅलिफोर्नियातील सान दिएगो येथे तपासणीस आलेल्या १०६ अतिस्थूल मुलांचे सरासरी गुण ६७ भरले, निरोगी मुलांचे ८३. आणि कर्करोगावर केमोथेरपी घेणाऱ्या मुलांच्या पंगतीस ही मुले जाऊन बसली. लोकांच्या ध्यानात राहिली ती हीच तुलना. तथापि ही मुले मुळातच रुग्णालयाची पायरी चढलेली होती, हा तपशील विसरता कामा नये. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या सुमारे साडेचौदाशे शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा वजनाबरोबर गुण घसरतात हे खरे ठरले, पण घसरण पुष्कळच सौम्य निघाली.

पालकांचा जबाब वेगळा घेतात, आणि तो मुलाच्या जबाबाशी नेहमी जुळतोच असे नाही. दमणे, धापा टाकणे डोळ्यांना दिसते, अपमान दिसत नाही. आपल्याकडे तर ‘खात्यापित्या घरचे लेकरू’ म्हणून ज्याचे आजी कौतुक करते, त्यास शाळेत ‘जाड्या’ या नावावाचून कोणी हाक मारीत नाही, याची घरच्यांस गंधवार्ताही नसते. म्हणून मूल बोलण्याजोगे असेल तर आधी त्यालाच विचारावे.

सर्वसाधारण प्रश्नावलीने दमा, कर्करोग, लठ्ठपणा असे सारे एका पट्टीवर मोजता येते खरे. परंतु आपल्या अंगाविषयीची लाज किंवा घरच्यांचे बदललेले वागणे तिच्यातून निसटते. ती उणीव भरून काढण्यासाठी कोलोट्किन प्रभृती संशोधकांनी २००६ साली ११ ते १९ वर्षांच्या मुलांकरिता वजनाशीच निगडित अशी २७ प्रश्नांची प्रश्नावली दिली. पुढे झेलर आणि मोदी या संशोधकांनी सिनसिनाटी येथे त्याहून लहान मुलांसाठी जी केली, तीत चिडवणुकीचा व एकटे पाडण्याचा रकानाच स्वतंत्र आहे, आणि सोबत्यांत वावरताना मुलाच्या वाट्यास येणाऱ्या चांगल्या गोष्टींचाही एक आहे. उपचारानंतर काटा जागचा हलला नाही, पण या रकान्यांतील गुण चढले, तर डॉक्टरांनी तो उपचार फसला असे दफ्तरी नोंदवू नये, असे माझे मत आहे.