नेमणूक, निवड आणि नामनिर्देशन : शब्दांमागील अधिकार

शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात एखाद्या वेळी असे वाक्य लिहिले जाते : 'मुख्याध्यापकांनी पुढील पालकांची समितीवर नेमणूक केली.' लिहिणाऱ्याच्या मनात काही वावगे नसते. परंतु बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि आपल्या राज्यात त्यांची निवड पालकसभेने करावयाची असते. मुख्याध्यापक हे समितीचे पदसिद्ध सदस्य-सचिव असतात. सदस्य नेमण्याचा अधिकार त्यांचा नव्हे. एक शब्द चुकला आणि सभेचा अधिकार कागदोपत्री एका व्यक्तीच्या हाती गेला. पुढे तक्रार उद्भवली, तर तपासणी करणारा अधिकारी कागदच पाहणार.

एखाद्या व्यक्तीस पदावर आणण्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. ते एकमेकांऐवजी वापरता येतील असे वरवर वाटते. पण अधिकार कोठून आला, हे प्रत्येक शब्द निराळ्या रीतीने सांगतो.

शब्दांचे मूळ

'निवडणे' हे क्रियापद घराघरांतले आहे. सुपात धान्य घेऊन खडे बाजूला काढणे म्हणजे निवडणे. अनेकांतून योग्य ते वेगळे काढणे हा अर्थ 'निवड' आणि 'निवडणूक' या दोन्ही शब्दांत कायम आहे. 'नेमणे' हे 'नेम' म्हणजे नियम या शब्दापासून आले. ठरवून देणे, हा त्याचा गाभा. म्हणूनच मराठेशाहीतील कागदपत्रांत 'नेमणूक' म्हणजे ठरवून दिलेली सालिना रक्कम, असाही अर्थ आढळतो. 'नियुक्ती' या संस्कृत शब्दात जोडणे हा भाव आहे : व्यक्तीला कामाशी जोडून देणे. 'नामनिर्देशन' म्हणजे नाव दर्शविणे.

वतनाकडून नियुक्तीकडे

शिवछत्रपतींच्या १६७४ मधील राज्याभिषेकानंतर अष्टप्रधानांच्या फारसी पदनामांना संस्कृत नावे मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला. पुढे पेशवेपद देताना छत्रपती वस्त्रे देत; १७२० मध्ये शाहू महाराजांनी पहिल्या बाजीरावास अशीच पेशवाईची वस्त्रे दिली. गावपातळीवर मात्र पाटील व कुलकर्णी ही पदे वतनाची होती. ती वारशाने चालत, तेथे निवडीचा प्रश्नच नसे. स्वातंत्र्यानंतर कायद्याने ही वतने संपुष्टात आणली. आजचा पोलीस पाटील १९६७ च्या अधिनियमान्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडून नियुक्त होतो. पाटील हा शब्द जुनाच राहिला. पण अधिकाराचा उगम वंशातून कायद्याकडे गेला.

निवडणूक आणि निवड

मतदारांनी मतदानाने प्रतिनिधी ठरविणे ही निवडणूक. महाराष्ट्रात सरपंचाची थेट निवडणूक २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारली गेली. उपसरपंच मात्र सदस्यांनी आपल्यातून निवडावयाचा असतो. या फरकाचा परिणाम पद सोडण्याच्या वेळी दिसतो : थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठराव सदस्यांनी संमत केला तरी त्यास ग्रामसभेचे अनुमोदन लागते. ज्यांनी पद दिले त्यांना विचारल्यावाचून ते काढून घेता येऊ नये, हे त्यामागील तत्त्व आहे.

निवड आणि नियुक्ती यांतही अंतर आहे. लोकसेवा आयोग परीक्षा व मुलाखती घेऊन उमेदवारांची शिफारस करतो. नियुक्तीचे आदेश शासन काढते. निवड यादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शंकरसन दाश प्रकरणी स्पष्ट केले. त्याचबरोबर शासनाला मनमानी करता येणार नाही, हेही न्यायालयाने बजावले.

नियुक्तीमागील संरक्षण

नियुक्ती ही सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने होते. आदेशाखालील सही हा निव्वळ उपचार नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे संघराज्याच्या किंवा राज्याच्या नागरी सेवेतील व्यक्तीस, तिची नियुक्ती करणाऱ्या प्राधिकाऱ्याहून दुय्यम असलेल्या प्राधिकाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. म्हणजे नियुक्ती कोणी केली, यावर कर्मचाऱ्याचे संरक्षण अवलंबून असते.

अतिरिक्त कार्यभार ही नवी नियुक्ती नव्हे. मूळ पद सांभाळून दुसऱ्या पदाचे काम तात्पुरते पाहण्याची ती व्यवस्था आहे. प्रतिनियुक्तीत कर्मचारी दुसऱ्या कार्यालयात काम करतो, परंतु मूळ सेवेशी त्याचा संबंध कायम राहतो. आदेशात हे शब्द मोघम राहिले, तर पुढे ज्येष्ठता व वेतन यांविषयी वाद उभे राहतात.

नामनिर्देशित आणि पदसिद्ध

राज्य विधानपरिषदेच्या ७८ सदस्यांपैकी १२ जणांचे नामनिर्देशन राज्यपाल करतात. राज्यसभेवर राष्ट्रपती १२ सदस्य नामनिर्देशित करतात; पण राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना मत नसते, कारण तो हक्क निवडून आलेल्या सदस्यांचा आहे. ज्यांना आपण व्यवहारात 'स्वीकृत' नगरसेवक म्हणतो, ते नगर प्रशासनाच्या विशेष ज्ञानासाठी किंवा अनुभवासाठी नामनिर्देशित होतात. संविधानाच्या अनुच्छेद २४३ र प्रमाणे त्यांना सभेत मतदान करता येत नाही. ठरावाच्या बाजूची मते मोजताना हा भेद विसरला, तर ठरावच अडचणीत येतो.

पदसिद्ध सदस्य एका पदामुळे आपोआप दुसरे पद धारण करतो. उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात, ते याच न्यायाने. मूळ पद गेले की दुसरेही जाते. त्यासाठी वेगळा ठराव लागत नाही.

लिहिताना घ्यावयाची काळजी

ठराव किंवा आदेश लिहिण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : पद कोण देत आहे, कोणत्या तरतुदीन्वये, किती मुदतीसाठी, आणि त्या व्यक्तीस मताधिकार आहे की नाही. यांची उत्तरे मिळाली की योग्य शब्द आपोआप सुचतो. सभेने ठरविले असेल तेथे 'निवड' लिहावे, अधिकाऱ्याने आदेश काढला असेल तेथे 'नियुक्ती' लिहावे. गावच्या इतिवृत्तात हा शब्द बरोबर पडला, म्हणजे आपला अधिकार कोठे आहे हे गावकऱ्यालाही वाचता येते.