बर्फावरच्या खालच्या पायऱ्या

मार्च १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या अठरा वर्षांखालील मुलांनी थायलंडच्या मुलांवर ९२ गोल केले. थायलंडला एकही गोल करता आला नाही. आइस हॉकीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो, म्हणजे प्रत्यक्ष खेळ तासाभराचा. हिशेब केला तर साधारण दर ३९ सेकंदांना एक गोल पडतो. सॉन्ग डाँग-ह्वान या एकट्या मुलाने त्यांतले ३१ केले. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धांत याहून एकतर्फी निकाल दुसरा नाही, आणि अजब विक्रमांच्या याद्यांत तो हौसेने छापला जातो. मला मात्र तो आकडा वाचला की थायलंडची मुले आठवतात. प्रत्येक गोलनंतर पक पुन्हा मधल्या वर्तुळात आणून टाकायचा आणि खेळ सुरू करायचा, हे त्यांनी ९२ वेळा केले आणि तरी सामना पुरा खेळले.

हा सामना मुळात झाला कसा, हे समजून घेतले की खालच्या स्तरावरच्या ज्युनियर स्पर्धांची पुढची पंचवीस वर्षे नीट उलगडतात. आशिया-ओशियानिया विभागाची अठरा वर्षांखालील स्पर्धा १९८४ मध्ये सुरू झाली. जपान, कोरिया, चीन यांच्याकडे रिंक होत्या, शाळा-कॉलेजांचे संघ होते, हिवाळा होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड कशीबशी त्यांच्या मागे. आणि त्याच पंगतीला थायलंड, जो १९८९ मध्ये महासंघाचा सदस्य झाला होता. भारतही त्याच वर्षी सदस्य झाला. कोण कोणाशी खेळणार हे नकाशावरून ठरत होते. ज्या मुलाने तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा स्केट्स बांधले, त्याच्यासमोर पाचव्या वर्षापासून बर्फावर असलेला मुलगा उभा राहत होता.

युरोप-अमेरिकेकडे तोवर वेगळी घडी बसलेली होती. वीस वर्षांखालील जागतिक अजिंक्यपद १९७७ पासून अधिकृत धरले जाते. १९७९ मध्ये त्याखाली ब गट आला, १९८३ मध्ये क गट. अठरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा १९९९ मध्ये आली. त्याआधी युरोपची स्वतःची ज्युनियर स्पर्धा होती. नव्या शतकाच्या सुरुवातीला गटांची अक्षरे गेली आणि पहिला विभाग, दुसरा विभाग, तिसरा विभाग अशी मांडणी झाली. आशिया-ओशियानियाची वेगळी स्पर्धा २००२ मध्ये शेवटची झाली. त्यानंतर त्या देशांच्या मुलांसाठीही तीच एक शिडी उरली, जिच्या वरच्या पायरीवर कॅनडा आणि स्वीडन आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो २०१२ चा बदल. त्याची बातमी फारशी कुठे आली नव्हती. तोवर पहिल्या विभागाचे अ आणि ब हे गट शेजारी-शेजारी होते, दोन्ही एकाच दर्जाचे आणि दोन्हींचा विजेता वर जाणार. त्यामुळे एकाच गटात जर्मनीसारखा बलाढ्य संघ आणि नुकताच वर चढलेला नवखा संघ समोरासमोर येत, आणि १५-०, १८-० असे निकाल लागले तर कोणाला नवल वाटत नसे. २०१२ पासून अ गट वर, ब गट त्याच्याखाली, अशी उतरंड झाली. दुसऱ्या विभागातही तेच. वरच्या दहा संघांखाली सहा-सहांचे थर तयार झाले आणि प्रत्येक थरातून साधारण एक संघ वर, एक खाली.

याला तेव्हा विरोधही झाला, आणि त्यात तथ्य होते. तळाच्या देशाला माथ्यापर्यंत जायला पूर्वी तीन-चार वर्षे पुरली असती, ती आता बरीच वाढली. एका पिढीतली सगळी गुणी मुले वीस वर्षांची होऊन बाहेर पडली, तरी देश दोनच पायऱ्या चढलेला असायचा. तरीही मी या बदलाच्या बाजूने आहे. सतरा-अठराव्या वर्षी खेळाडू घडतो तो ३-२ च्या सामन्यात. शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलची आघाडी राखायची असते, समोरचा प्रशिक्षक आपल्या गोलरक्षकाला बाहेर काढून सहावा खेळाडू आत पाठवतो, पाय लटपटतात आणि डोके शांत ठेवावे लागते. १८-० मध्ये यातले काहीच शिकायला मिळत नाही, हरणाऱ्यालाही नाही आणि जिंकणाऱ्याला तर त्याहून नाही.

तळाच्या विभागातली स्पर्धा कशी असते? सहा संघ, आठवडाभर, प्रत्येकाचे पाच सामने. नियमित वेळेत जिंकले तर तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकले तर दोन, तसे हरले तर एक. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघ निळ्या रेषांवर रांगेत उभे राहतात, दोन्हींतल्या एकेका उत्तम खेळाडूला छोटेसे बक्षीस मिळते आणि जिंकलेल्या देशाचे राष्ट्रगीत वाजते. माथ्याच्या स्पर्धेत जे होते तेच, त्याच क्रमाने. महासंघाने हा रिवाज खालपर्यंत सारखा ठेवला याबद्दल मला फार आदर वाटतो. आइसलँड किंवा दक्षिण आफ्रिकेच्या मुलाला आपल्या देशाचे गीत परक्या रिंकमध्ये वाजताना ऐकायला मिळते. स्टँडमध्ये शंभर माणसे असोत की दहा हजार, त्याच्यासाठी तो क्षण तेवढाच मोठा.

यजमान शहरांची नावे वाचली तरी या जगाचा पसारा कळतो. सोफिया, इस्तंबूल, रेक्याविक, मेक्सिको सिटी, ड्युनेडिन. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या ड्युनेडिनला ही स्पर्धा जानेवारीत व्हायची, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात. तुर्कस्तान किंवा बल्गेरियाची मुले बर्फाळ गावातून निघून, अर्धी पृथ्वी ओलांडून, उन्हात उतरायची आणि पुन्हा बर्फावर. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर आहे. तिथे पहिल्या सत्रात जोरात धावलेल्या संघाला तिसऱ्या सत्रात श्वास पुरत नाही. यजमानांना हे पाठ असते, पाहुण्यांना ते दोन सामन्यांनंतर उमगते. आणि या प्रवासाचा खर्च? श्रीमंत महासंघ असलेले देश सोडले तर बराचसा भार घरच्यांवर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत राष्ट्रीय संघात निवड झाली की आनंदाबरोबर तिकिटाचे पैसे जमवण्याची धावपळ सुरू होते. पालक निधी गोळा करतात, मुले सुट्टीत कामे करतात. देशाची जर्सी घालण्यासाठी पदरचे पैसे मोजायचे ही गोष्ट मला खटकते, पण त्या पोरांचा निग्रह त्यामुळेच नजरेत भरतो.

खालच्या पायऱ्यांवरून कोण वर गेले, हे सांगताना आधी अँझे कोपितारचे नाव घ्यायला हवे. स्लोव्हेनियाची लोकसंख्या वीस-एकवीस लाख. ज्युनियर वयात कोपितार देशाकडून खेळला तो पहिल्या विभागात, म्हणजे माथ्याच्या खाली. जगभरच्या दूरचित्रवाणीला त्या सामन्यांत रस नव्हता, पण निवडकर्त्यांना होता. २००५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या व्यावसायिक लीगच्या नवोदितांच्या निवडीत लॉस एंजेलिसने त्याला अकराव्या क्रमांकावर निवडले. पुढे २०१२ आणि २०१४ असे त्या लीगचे दोन स्टॅनले कप त्याने जिंकले आणि नंतर त्या संघाचा कर्णधार झाला.

जर्मनीची गोष्ट निराळी. २०१५ मध्ये त्यांची वीस वर्षांखालची मुले माथ्यावरून घसरली आणि लागोपाठ स्पर्धांत परत चढता येईना. एवढा मोठा देश, व्यावसायिक लीग, रिंकची कमी नाही, तरी सहा संघांच्या गटातून पहिला क्रमांक मिळेना. डिसेंबर २०१८ मध्ये स्पर्धा त्यांच्याच फ्युसेन गावात झाली. त्या संघात टिम श्ट्युट्झले हा सोळा वर्षांचा मुलगा होता आणि मोरिट्झ झायडर हा सतरा वर्षांचा बचावपटू. जर्मनी वर गेली. सहा महिन्यांनी झायडरला डेट्रॉइटने सहाव्या क्रमांकावर उचलले, २०२० मध्ये श्ट्युट्झले तिसऱ्या क्रमांकावर गेला. फ्युसेनला त्या आठवड्यात जे प्रेक्षक आले होते त्यांनी पुढच्या दशकातले दोन मोठे खेळाडू हाताच्या अंतरावरून पाहिले. खालच्या स्तरावरच्या स्पर्धेला हजर राहण्याचे हे सुख आहे.

आणि लाटव्हिया. जेमतेम एकोणीस लाखांचा देश, हॉकीवर जीव टाकणारा. त्यांची ज्युनियर मुले वर जायची, पुन्हा खाली यायची, पुन्हा वर. २०१७ मध्ये खाली आलेला संघ काही वर्षे पहिल्या विभागातच झुंजत राहिला. २०२२ ची माथ्याची स्पर्धा कोरोनामुळे सुरू होऊन काही दिवसांत थांबली आणि ऑगस्टमध्ये एडमंटनला नव्याने खेळवली गेली. मधल्या काळात युक्रेनवरच्या आक्रमणामुळे रशियाला बाहेर ठेवण्यात आले होते. ती जागा लाटव्हियाला मिळाली. संधी दुसऱ्याच्या हकालपट्टीतून आली होती, पण मुलांनी ती वाया घालवली नाही. पहिल्यांदाच ते उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडाने त्यांना १०-० असे हरवले. बरोबर एका वर्षाने, २७ डिसेंबर २०२४ रोजी, ओटावात कॅनडाच्याच प्रेक्षकांसमोर लाटव्हियाने कॅनडाला शूटआउटमध्ये ३-२ असे नमवले. गोलरक्षक लिनार्ड्स फेल्डबर्ग्सने ५५ फटके अडवले. अनेकांनी याला चमत्कार म्हटले. मी म्हणणार नाही. हंगेरी, स्लोव्हेनिया, नॉर्वे यांच्याशी बरोबरीच्या लढती देत त्या देशाच्या मुलांचा एकेक वर्ग घडत आला होता.

दक्षिण कोरियाचे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. आशियाच्या पंगतीत ९२ गोल करणारा देश जगाच्या शिडीवर आला तेव्हा त्यालाही आपली जागा कळली आणि तो एकेक पायरी चढला. त्यांचा वरिष्ठ पुरुष संघ २०१७ मध्ये कीवमध्ये युक्रेनला शूटआउटमध्ये हरवून माथ्यावर पोहोचला. २०१८ मध्ये तिथे सातही सामने हरून खाली आला. थायलंडनेही खेळ सोडला नाही. त्यांचा वरिष्ठ संघ आता जागतिक अजिंक्यपदाच्या खालच्या विभागांत खेळताना दिसतो.

या काळातले सर्वांत दुःखद पान २०२१ चे. कोरोनाच्या साथीत वीस वर्षांखालील माथ्याची स्पर्धा एडमंटनमध्ये बंदिस्त व्यवस्थेत, प्रेक्षकांविना पार पडली. अठरा वर्षांखालची टेक्सासला झाली. त्याखालचे विभाग मात्र दोन्ही वयोगटांत रद्द झाले. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणत नाही, पण त्याची किंमत कोणी मोजली ते नोंदवले पाहिजे. वयाची मर्यादा जन्मवर्षावर ठरते. २००१ मध्ये जन्मलेल्या मुलांचे वीस वर्षांखालचे ते शेवटचे वर्ष होते. कॅनडाच्या त्या वयाच्या मुलाला स्पर्धा मिळाली, आइसलँडच्या किंवा मेक्सिकोच्या मुलाला नाही, आणि पुढच्या वर्षी तो वयात बसत नव्हता. माथ्यावरच्या मुलाला पुढे लीग असते, करार असतात. तळाच्या विभागातल्या बहुतेकांसाठी देशाकडून खेळण्याचा तो एक आठवडा हेच शिखर असते. तोच हिरावला गेला. स्पर्धा कोणत्या वाचवायच्या हे दूरचित्रवाणीच्या पैशावर ठरले असे मला वाटते, आणि ते मला आजही पटत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तळाच्या विभागाचे नाव अचानक जगभरच्या बातम्यांत आले, तेही खेळामुळे नव्हे. सुरक्षेचे कारण देऊन महासंघाने इस्रायलला आपल्या स्पर्धांतून दूर ठेवले, मग सोफियातल्या वीस वर्षांखालील स्पर्धेपुरता निर्णय फिरवला आणि तो संघ खेळला. एरवी या पोरांबद्दल चार ओळी न छापणाऱ्यांनी तेव्हा रकाने भरले.

मुलींच्या बाजूला हे सगळे उशिरा आले. अठरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा २००८ मध्ये सुरू झाली आणि तिच्याखालचा विभाग त्यानंतर. वीस वर्षांखालचा गट मुलींसाठी अजूनही नाही, म्हणजे अठरावे वर्ष संपले की थेट वरिष्ठ संघ. सप्टेंबर २००८ मध्ये लाटव्हियात ऑलिंपिकच्या प्राथमिक पात्रता फेरीत स्लोव्हाकियाच्या महिलांनी बल्गेरियावर ८२ गोल केले, बल्गेरियाला एकही करता आला नाही. नवख्या संघाला बेताचा प्रतिस्पर्धी शोधून देण्याची तजवीज तिथे तोवर पुरती झालीच नव्हती.

आपल्याकडे लडाखमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की जेमतेम दोन महिने मुले-मुली बर्फावर असतात. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी पूर्ण आकाराची बंदिस्त रिंक बांधली गेली, मग ती वर्षानुवर्षे बंद पडून राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी भारताच्या महिलांनी अल ऐनमध्ये आशिया चषकाचे कांस्यपदक मिळवले. पण वीस वर्षांखालील जागतिक अजिंक्यपदाच्या कोणत्याही विभागात भारताचा संघ अजून उतरलेला नाही. आता तळाचा विभागही दोन थरांत वाटला गेला आहे, म्हणजे नव्या देशाला पहिल्याच दिवशी ९२ गोल खावे लागतील अशी भीती उरलेली नाही. लेहच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना डेहराडूनच्या बर्फावर उन्हाळ्यात तीन महिने सराव मिळाला, तर त्या खालच्या थरात त्यांना तोडीचे प्रतिस्पर्धी नक्की भेटतील.