चामड्याचे जॅकेट : रुबाबासाठी की रक्षणासाठी?

मोटारसायकल आणि चामड्याचे काळे जॅकेट ही जोडी जुनी आहे. १९२८ साली न्यूयॉर्कमधील अर्व्हिंग शॉट यांनी खास मोटारसायकलस्वारांसाठी पुढे चेन असलेले जॅकेट तयार केले. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटात मार्लन ब्रँडोने तसलेच जॅकेट घातले आणि ते तरुणांच्या रुबाबाचे चिन्ह बनले. त्यानंतर केवळ दिसण्यासाठी शिवलेली जॅकेटेही बाजारात आली. आज दोन्ही प्रकार एकाच दुकानात शेजारीशेजारी टांगलेले असतात आणि लांबून सारखेच दिसतात.

हा फरक ओळखता येणे महत्त्वाचे आहे. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे दगावली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आपल्या बारावीच्या वर्गातील अनेक मुले लवकरच दुचाकी हाती घेणार आहेत. त्यांना जॅकेट निवडायचे असेल, तर शाळेत शिकलेले विज्ञान कसे उपयोगी पडते ते पाहू या.

पडताना काय घडते?

स्वार दुचाकीवरून पडतो तेव्हा त्याच्या गतीचे दोन भाग करता येतात. एक खाली, रस्त्याच्या दिशेने. दुसरा पुढे, रस्त्याला समांतर. क्षितिजसमांतर फेकलेल्या चेंडूचे उदाहरण आठवा. चेंडू कितीही जोरात फेकला, तरी जमिनीवर पडायला लागणारा वेळ बदलत नाही. तसेच इथे आहे. सुमारे १ मीटर उंचीवरून पडणारा स्वार ताशी २० किलोमीटर वेगाने जात असो की ६०, खाली आदळण्याचा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटरच असतो.

पुढच्या दिशेचा वेग मात्र घसरत जाण्यात खर्च होतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. कपडे आणि डांबर यांचा घर्षण गुणांक ०.७ धरला, तर स्वार सुमारे २.४ सेकंद घसरत राहील आणि २० मीटर अंतर कापून थांबेल. वेग दुप्पट झाला, तर वेळ दुप्पट आणि अंतर चौपट होते. ७० किलो वजनाच्या माणसाची ताशी ६० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ९,७०० ज्यूल असते. मध्ये काही आडवे आले नाही, तर ही बहुतेक सारी ऊर्जा घर्षणातून उष्णतेत आणि कापड झिजवण्यात जाते.

थोडक्यात, जॅकेटला दोन वेगवेगळी कामे करायची असतात : घासण्यापासून वाचवणे आणि आदळण्यापासून वाचवणे. चामडे पहिले काम उत्तम करते. दुसऱ्या कामाला ते जवळजवळ निरुपयोगी आहे. जॅकेट निवडताना हा एक मुद्दा पक्का ध्यानात ठेवला, की बाकीचे सोपे होते.

कातड्यातच असे काय आहे?

सुती कापड उभ्याआडव्या धाग्यांचे विणलेले असते. काही धागे तुटले की शेजारचे सैल पडतात आणि भोक वाढत जाते. पातळ सदरा रस्त्यावर क्षणात फाटतो तो यामुळे. नायलॉन, पॉलिएस्टरचे साधे कपडे घर्षणाच्या उष्णतेने वितळून त्वचेला चिकटू शकतात.

जनावराच्या कातड्यात कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू असतात. ते फक्त उभेआडवे नसून वरखाली, तिरके असे सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे वरचे तंतू झिजले, तरी खालचे जागचे हलत नाहीत. शिवाय चामडे वितळत नाही.

कच्चे कातडे मात्र कुजते आणि वाळले की कडक होते. म्हणून ते कमवावे लागते. कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावतात. त्यांतील टॅनिन कोलॅजेनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधते. असे चामडे ताठ राहते. तळव्याला ते उत्तम, पण अंगावर घालायला अवघड. जॅकेटांसाठी बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे वापरतात. ते मऊ राहते आणि उष्णताही अधिक सोसते. कच्चे कातडे पाण्यात ६०-६५ अंश सेल्सिअसच्या आसपास आक्रसते, तर चांगले क्रोम चामडे उकळत्या पाण्यातही टिकते.

जाडी, कड आणि शिवण

गुरांचे कातडे ४-५ मिलिमीटर जाड असू शकते. यंत्राने त्याचे आडवे थर कापतात. केसांच्या बाजूचा थर सर्वांत घट्ट आणि मजबूत असतो. खालचा थर सैल असतो. त्यावर रंगाचा लेप देऊन तो वरच्या थरासारखा दिसेल असा करता येतो. म्हणून विकत घेताना कोणता थर आहे, हे जरूर विचारावे.

दिसण्यासाठीच्या जॅकेटांचे चामडे पुष्कळदा १ मिलिमीटरपेक्षा पातळ असते. स्वारीच्या जॅकेटांना गुरांचे चामडे साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर असावे. एकपदरी कड सापडली, तर प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरने जाडी सहज मोजता येते. तीच कड नीट पाहावी. खऱ्या चामड्याच्या कडेला गुंतलेले तंतू दिसतात. रेक्झिनच्या कडेला विणलेले कापड आणि त्यावरचा प्लास्टिकचा थर दिसतो.

चामडे कितीही चांगले असले, तरी शिवण उसवली की जॅकेट उघडे पडते. टपालाच्या तिकिटांच्या तावावर भोकांची ओळ का असते? तिथेच कागद फाटावा म्हणून! सुईची भोके चामड्यावर तेच काम करतात. म्हणून खांदे, कोपर आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला जोड जितके कमी तितके बरे. जिथे शिवण आहे तिथे दोन-तीन ओळी असाव्यात आणि त्यांतील निदान एक आतल्या बाजूला दडलेली असावी. बाहेरचा दोरा घासून तुटला, तरी आतला टिकतो. कोपर आणि खांद्यावर चामड्याचा दुहेरी थर असेल तर उत्तम.

आदळण्यापासून संरक्षण

आता दुसरे काम. हाडावर येणारे बल कमी करायचे, तर ऊर्जा जास्त अंतरात शोषली गेली पाहिजे. ५० ज्यूल ऊर्जा १ मिलिमीटरमध्ये थांबवायची, तर सरासरी ५० किलोन्यूटन बल लागते. तीच ५ मिलिमीटरमध्ये थांबवली, तर १० किलोन्यूटन पुरते. सव्वा मिलिमीटरच्या चामड्याला हे जमणे शक्य नाही. त्यासाठी खांद्याला आणि कोपराला संरक्षक पॅड हवेत.

युरोपात या पॅडची परीक्षा ईएन १६२१-१ या मानकानुसार होते. ५ किलोचे वजन सुमारे एक मीटरवरून, म्हणजे ५० ज्यूल ऊर्जेने पॅडवर पाडतात आणि पलीकडे किती बल पोचते ते मोजतात. हे बल सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी असेल तर पॅड पातळी १ चा, २० पेक्षा कमी असेल तर पातळी २ चा ठरतो. पाठीच्या पॅडसाठी ईएन १६२१-२ हे वेगळे आणि अधिक कडक मानक आहे : पातळी १ ला १८ आणि पातळी २ ला ९ किलोन्यूटन. अनेक जॅकेटांच्या पाठीच्या खिशात नुसता स्पंजचा तुकडा असतो. तो काढून पाहावा. त्यावर मानकाचा क्रमांक नसेल, तर त्याला संरक्षण समजू नये.

पॅड जागेवर राहिला तरच उपयोगाचा. म्हणून जॅकेट आरशासमोर ताठ उभे राहून नव्हे, तर हँडल धरल्यासारखे हात पुढे करून तपासावे. बाही मनगटापर्यंत पोचते का? दुसऱ्याने ओढली तर कोपराचा पॅड सरकतो का? सरकत असेल, तर ते जॅकेट आपल्या मापाचे नाही.

शिक्का काय सांगतो?

जॅकेटच्या आतल्या चिठ्ठीवर 'सीई' हा शिक्का असतो. पण तो संपूर्ण जॅकेटचा आहे की फक्त पॅडचा, हे वाचून पाहावे. संपूर्ण जॅकेटसाठी २०२० पासून ईएन १७०९२ हे युरोपीय मानक आहे. त्यात एएए, एए आणि ए अशा उतरत्या श्रेणी आहेत. फिरत्या यंत्रावर बसवलेला नमुना वेगाने काँक्रीटवर सोडून घासतात. सर्वाधिक धोक्याच्या भागांसाठी हा वेग एएएला ताशी १२०, एएला ७० आणि एला ४५ किलोमीटर असतो. बी श्रेणीत पॅड नसतात. सी श्रेणीत फक्त पॅड असतात. ताशी १२० हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. त्या वेगाने पडल्यावर काहीच होणार नाही, असे वचन त्यात नाही.

मर्यादा

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा परिसरातील २१२ अपघातग्रस्त स्वारांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. संरक्षक कपड्यांमुळे खरचटणे आणि कातडीच्या जखमा स्पष्टपणे कमी झाल्या होत्या. मात्र हाडे मोडण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही आणि सुमारे ३० टक्के जॅकेटे अपघातात निकामी झाली होती. म्हणजे निवड महत्त्वाची आणि अपेक्षाही माफक हव्यात. खांब, दुभाजक किंवा ट्रकवर आदळल्यास कोणतेही जॅकेट पुरेसे नाही.

आपल्याकडचा उन्हाळा हीही अडचण आहे. घामाने थकलेला स्वार चुका करतो आणि नकोशा वाटणाऱ्या उबेमुळे जॅकेट घरीच राहते. मे महिन्यात नागपूरला रोज जाऱ्हायचे असेल, तर पॅड असलेले, हवा खेळणारे ए श्रेणीचे कापडी जॅकेट खुंटीवरच्या एएए चामड्यापेक्षा उपयोगी. चामडे घेतलेच, तर भिजल्यावर सावलीत वाळवावे. घडीवर भेगा दिसू लागल्या, की तंतू कमजोर झाले असे समजावे.

वर्गात करून पाहा

एका विटेला खालून सुती कापडाचा तुकडा बांधा. जमिनीवर जाड सँडपेपर चिकटवा आणि वीट त्यावरून सरळ ओढा. किती फेऱ्यांनंतर भोक पडते ते मोजा. मग जीन्सचे कापड, रेक्झिन आणि चांभाराकडून आणलेला चामड्याचा तुकडा घेऊन हेच करा. प्रत्येकाची जाडी आधी मोजून ठेवा. वीट ओढताना मध्ये स्प्रिंगचा काटा लावला, तर घर्षण गुणांकही काढता येईल. शेवटी मुलांना विचारा : जास्त घर्षण असलेले कापड लवकर थांबवते, मग ते चांगले की लवकर फाटते म्हणून वाईट? या प्रश्नावर वर्गात दोन तट पडतील आणि दोघांकडेही आकडे असतील.

खर्चाचा क्रम ठरवताना मात्र वाद नको. पहिले हेल्मेट, मग हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, आणि त्यांच्या जोडीला जॅकेट. पडताना माणूस आधी हात टेकतो, हे विसरू नये.