हजारामागे अठरा टाका

शेजारच्या घरात काय शिजतंय हे पाहायची आपल्याला कोण हौस! शेजारच्या देशात मात्र आपण क्वचितच डोकावतो. महामारीनंतर पैशाचे व्यवहार कसे बदलले, हे पाहताना मला बांगलादेश आठवतो.

आपल्याकडे मार्च २०२० मध्ये यूपीआयवर सुमारे १२५ कोटी व्यवहार झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचा आकडा हजार कोटींपलीकडे गेला. आता भाजीवालीच्या टोपलीलाही तो चौकोनी ठिपक्यांचा कागद असतो. दुकानदारावरचे शुल्क सरकारने जानेवारी २०२० पासूनच शून्यावर आणले होते.

बांगलादेशाची वाट निराळी. तिथली 'बिकाश' सेवा २०११ पासूनची, साध्या फोनवरही चालणारी. टाळेबंदीत सरकारने निर्यात कारखान्यांना पगारासाठी पाच हजार कोटी टाकांचे साहाय्य दिले, पण अट घातली: पैसे थेट कामगाराच्या बँक वा मोबाईल खात्यात. कपडे शिवणाऱ्या कितीतरी बायांची स्वतःच्या नावाची खाती त्यामुळे उघडली. मला आपल्या हजार कोटींपेक्षा याचे अप्रूप अधिक.

उणे एवढेच, की गावाकडची आई एजंटाकडून रोख काढते तेव्हा हजारामागे साधारण अठरा टाका कापले जातात. म्हणून पुष्कळ मुली तेवढे टाका आधीच वर घालून पाठवतात.