टिग वेल्डिंग : आधी कांडीचं टोक समजून घ्या

तायांनो, मासिक बैठकीत आता टिग मशीनचा विषय निघायला लागलाय. कर्जाचा ठराव लिहिण्याआधी हे काम नेमकं काय असतं ते पाहू.

गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात साध्या वेल्डिंगचा रॉड स्वतःच वितळून जोडात भरतो. टिगमध्ये तसं नाही. टॉर्चमध्ये टंगस्टनची बारीक कांडी असते. टंगस्टन वितळायला सुमारे ३४०० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून कांडी तशीच राहते आणि तिच्या टोकाच्या ज्वाळेने स्टील वितळतं. भराव हवा असेल तर दुसऱ्या हाताने वेगळी तार द्यायची. भोवती आरगॉन वायू सोडतात, त्यामुळे तापलेल्या धातूला हवा लागत नाही. जोड इतका साफ येतो तो त्यामुळेच. हात बसायला मात्र वेळ लागतो. आठवड्यात शिकवतो म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

खरी गोम टोकात आहे. स्टीलसाठी पेन्सिलीसारखं टोक काढतात. २.४ मिमीच्या कांडीला साधारण ५ ते ६ मिमी लांब उतार पुरतो. घासल्याच्या रेषा कांडीच्या लांबीने यायला हव्यात. आडव्या आल्या तर ज्वाळा एका जागी थांबत नाही, भरकटते. टोकासाठी ग्राइंडरचा दगड वेगळाच ठेवा. त्यावर लोखंड घासलं तर तो कचरा टोकाला चिकटतो. काम करताना टोक वितळलेल्या स्टीलला टेकलं, तर थांबून पुन्हा घासायचं. कंटाळा केला की जोड खराब झालाच.

आता महत्त्वाचं. लाल रंगाच्या टोकाच्या कांडीत थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे. नुसती कांडी हाताळण्यात धोका अगदी कमी, पण घासतानाची धूळ छातीत जाता कामा नये. दुकानदार लाल पुढे करेल. तुम्ही निळी किंवा सोनेरी मागा, त्यांत लँथॅनम असतं आणि काम तितकंच चांगलं होतं. तरीही घासताना मास्क आणि चष्मा हवाच, धूळ ओल्या फडक्याने पुसायची.

वेल्डिंगला नायलॉनची साडी, ओढणी नको. जाड सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि काळ्या काचेचं हेल्मेट घाला. बघणाऱ्या पोरांनाही लांब ठेवा, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. बंद खोलीत काम नकोच, आरगॉन साचला तर श्वासाला हवा उरत नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पण पंख्याचा झोत जोडावर नको, वायू उडून जातो.